ओळी मोजायच्या राहिल्या

महारुद्र गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. सुमनवहिनींचा आवाज कोरडा होता. "भावजी, गेले ओ हे. पहाटंच गेले. तुमी या," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच वाळू देत मी पाटावर बसून राहिलो. दुपारी त्याला माती दिली. आमच्या लिंगायतांत मयताला मांडी घालून बसवतात. खड्ड्यात ताठ बसलेला महारुद्र बघून वाटलं, आता हा उठणार आणि पहिल्यांदा जो हाताला लागेल त्याच्या कानाखाली काढणार... मातीवरून परतताना दहा-बारा जण बसस्थानकाजवळ चहाला थांबलो. एक जण म्हणाला, "डोकं लई तेज होतं गड्याचं. पण त्या दूध संघाच्या इलेक्शनमधी खाल्लं त्यानं. चेअरमनकडून घेतलं आन गरिबाची दोनशे नावं उडवली." दुसरा म्हणाला, "आंधळा असून केवढं धाडस." दोघं-तिघं हसले. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी चहा संपवला, कप ठेवला आणि घरी आलो. त्याला आता सहा आठवडे झाले. त्या टपरीवर द्यायचं राहिलेलं उत्तर मी इथे देणार आहे, आणि ते मला सोयीचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही दोघं शाळेपासूनचे. त्याच्या घरचं किराणा दुकान आणि मांजरसुंब्याच्या बाजूला थोडा मळा. तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा मळ्यात विहीर खोदणं चालू होतं. खडक लागला म्हणून सुरुंग लावायचे. त्या दिवशी सहा बार भरले होते. धमाके झाले, धूर बसला, वरून कुणीतरी ओरडून सांगितलं, सहा झाले. झाले होते पाच. महारुद्र काशिनाथ नावाच्या गड्याला घेऊन खाली उतरला आणि सहावा बार त्यांच्या पायाशी उडाला. काशिनाथ जागच्या जागी फुटला, दुसरा शब्द नाही. महारुद्रला बाजेला बांधून वर ओढला तेव्हा तोंडाच्या जागी नुसतं मांस आणि मुरूम होता. मी ओकलो. त्याने माझा आवाज ओळखला आणि विचारलं, "मन्मथ, काशिनाथ कुठं हाय?" मी म्हणालो, दवाखान्यात नेलाय. डोळे गेल्याचं दुःख त्याने किती केलं मला माहीत नाही, आमच्यात ते बोलायची रीत नव्हती. पण एक गोष्ट तो शंभरदा बोलला असेल. "बार म्या मोजले न्हाईत. दुसऱ्यानं मोजल्यावर गेलो." तेव्हापासून तो सगळं स्वतः मोजायचा. जिन्याच्या पायऱ्या, खिशातल्या किल्ल्या, ताटातल्या भाकरी.

राग त्याला आधीही होता, नंतर तो अंगात मावेना. बसस्थानकावर एका सज्जन मास्तरांनी न विचारता त्याचा दंड धरून रस्ता ओलांडून द्यायला घेतला. महारुद्रने काठी अशी फिरवली की मास्तर आठवडाभर लंगडत होते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात वहिनींनी माया म्हणून भाकरी कुस्करून दुधात भिजवून दिली, तर ताट भिंतीवर गेलं. मग स्वतः गुडघ्यावर बसून त्याने भिंतीखालचं सगळं चाचपून गोळा केलं आणि जेवला. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "मारायला येत्यात असं न्हाई भावजी, पण घरात कायम कुणीतरी मारामारी करतंय असं वाटतं." आता लिहिताना वाटतं, त्या बाईने काय काय सोसलं, यावर वेगळा लेख व्हावा. तो मात्र त्यांनीच लिहायला हवा.

माझी बीडला कापड दुकानाच्या वर टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. बारा टाइपरायटर, लोखंडी, एकेक उचलायला दोन्ही हात लागायचे. नव्वदनंतर वारं फिरलं, जो तो कॉम्प्युटर म्हणू लागला, तेव्हा मीही दोन मशीन घेतली. त्याच सुमाराला महारुद्र पुण्याच्या एका अंधशाळेतून प्रोग्रॅम लिहायला शिकून आला. येताना त्याने एक बोलका डबा आणला होता. तो डबा मशीनला जोडला की पडद्यावरची प्रत्येक ओळ इंग्रजीत वाचून दाखवायचा, तीही इतक्या वेगात की माझ्या विद्यार्थ्यांना नुसती खरखर ऐकू यायची. तेव्हाची मशीन डॉसवर चालत. काळा पडदा, त्यावर आपण हुकुमाची एक ओळ टाइप करायची, मशीनने ओळीनेच उत्तर द्यायचं. चित्र नाही, रंग नाही. महारुद्रला तेच हवं होतं. तो कीबोर्डवर टाइप करत नसे, बडवत असे. सहा महिन्यांत एक कीबोर्ड मोडायचा. बाजार समितीच्या वजनांपासून कॉलेजच्या निकालांपर्यंत त्याने लिहिलेले प्रोग्रॅम बीडमध्ये चालत होते, आणि एकाही कामात त्याने मला "काय दिसतंय" असं विचारलं नव्हतं. डोळे गेल्यानंतरची त्याची सगळ्यात सुखाची वर्षं ती असावीत. सुखातही तो शिव्याच द्यायचा, म्हणून कळलं नाही.

मग विंडोज आलं. पडद्यावर चित्रं, चौकटी, बटणं, आणि ती दाबायला माऊस. पहिला माऊस मी कौतुकाने त्याच्या घरी नेऊन हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून बघितला, खालची गोळी काढून फिरवली आणि विचारलं, "हा आता कुठं हाय हे मला कोण सांगणार?" मी म्हणालो, पडद्यावर बाण दिसतो. तो उठला, वहिनींचा वरवंटा घेऊन आला आणि माझ्या समोर त्या माऊसचा चुरा केला. मला सहाशे रुपयांचा राग आला, त्याला कशाचा आला होता ते मी लक्षात घेतलं नाही. बोलक्या डब्याला ओळी कळायच्या. चित्र म्हणजे त्याच्यासाठी नुसतं पांढरं. मी म्हणालो, "डॉस शिकायला आता कोण येतंय बे? जग पुढं चाललंय." तो म्हणाला, "डॉसमधी पायऱ्या हायत. मोजत उतरतो, मोजत वर येतो. ह्या तुझ्या चित्रात मला कुणीतरी वरून ढकलून देतंय." आणि मग आवाज खाली आणून एक वाक्य बोलला, जे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. "डॉस जाणार हाय मन्मथ. ते गेलं की मी परत बाजंवर."

म्हणून, वरवंटा आपटूनही, तो ते शिकायला बसला. विंडोजमधली चित्रं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम परदेशातून यायचा आणि त्याची किंमत आमच्या ऐपतीबाहेर. त्याची नमुन्याची डिस्क मात्र पुण्याच्या अंधशाळेतल्या एका दोस्ताने पाठवली. नमुना असल्यामुळे तो एका वेळी चाळीस मिनिटंच बोलायचा. चाळीस झाली की मुका, मशीन बंद करून पुन्हा चालू करायची, मग पुढची चाळीस. बरं, बोलायचा काय? ज्या बटणाला कुणी नाव दिलेलं नाही त्याला म्हणायचा, "ग्राफिक चारशे बारा". महारुद्र टेबलावर बुक्की मारून ओरडायचा, "चारशे बारा म्हंजी काय?" मग मी उठून बघायचो आणि सांगायचो, ते छपाईचं आहे, ते जतन करायचं आहे. असं करता करता तो माझ्या डोळ्यांनी काम करू लागला. मला, खरं सांगायचं तर, ते आवडत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला माझी गरज लागत होती.

त्याच काळात एका दूध संघाची निवडणूक आली. संघाचं नाव लिहीत नाही, जुनी माणसं ओळखतील. सभासदांची यादी महारुद्रने डॉसमध्ये बांधली होती, दोन वर्षं, एकेक गाव करत. चेअरमनला हुक्की आली की मतदारयादी नव्या पद्धतीने, विंडोजवरच्या एका प्रोग्रॅमात भरून छापायची. जुनी यादी नव्यात ओतून द्यायचं काम आमच्याकडे आलं. महारुद्र तयार नव्हता. मी त्याला तयार केला. म्हणालो, हे एक करून दाखव, मग तुला डॉसवाला म्हणून कुणी बाजूला काढणार नाही. तो म्हणाला, "तू बसणार असशील शेजारी, तर करतो." मी बसलो.

त्या दुपारी चेअरमनची माणसं जीप घेऊन खाली थांबलेली, दर पाच मिनिटाला वर येऊन घाई करणार. वाचणाऱ्या प्रोग्रॅमची अडतीस मिनिटं होऊन गेलेली. यादी नव्या जागी जायला लागली आणि मध्येच पडद्यावर एक चौकट उघडली. महारुद्रच्या कानात "ग्राफिक" एवढाच शब्द आला. त्याने विचारलं, "मन्मथ, बघ बे. काय बोलतोय हा?" माझ्या एका हातात चहा होता, दुसऱ्या हाताने कानाला फोन, फोनवर मेहुणा. मी चौकट बघितली. पिवळा त्रिकोण बघितला, तीन ओळींचं इंग्रजी बघितलं. बघितलंच नाही असं म्हणायची सोय मला नाही. मी म्हणालो, "काय न्हाई, नेहमीचंच हाय," आणि फोन मानेत धरून माऊसने ओके दाबलं. मिनिटाभरात वाचणारा मुका झाला. महारुद्रची पद्धत होती, कुठलीही यादी इकडून तिकडे नेली की दोन्हीकडच्या ओळी मोजायच्या, आकडा जुळल्याशिवाय हात काढायचा नाही. तो म्हणाला, "थांबवा त्यांना. ओळी मोजायच्या राहिल्यात." मशीन पुन्हा चालू करायला पाच-सात मिनिटं लागली असती. खालची माणसं वर येऊन मशीन छपाईला न्यायची म्हणून तारा काढायला लागली होती. मी म्हणालो, "अरे सोड की, गेली सगळी व्यवस्थित." आणि त्याने सोडलं.

त्या चौकटीत लिहिलं होतं की ज्या ओळींत घर क्रमांक नाही त्या घेता येणार नाहीत, त्या वगळून पुढे जायचं का. शिरूर कासारच्या बाजूला कितीतरी कुटुंबं रानातल्या वस्त्यांवर राहतात. तिथल्या घरांना कुणी नंबर दिलेले नसतात. अर्धं वर्ष ती ऊसतोडीला बाहेर, परत आली की दोन म्हशींच्या दुधावर संघाची सभासद. मतदानाच्या दिवशी ती माणसं नेसूचं धुऊन, नटून आली आणि यादीत एकाचंही नाव नव्हतं. दोनशेच्या वर नावं. चेअरमनच्या विरोधातली होती हे खरं, पण ते मशीनला कुठून माहीत असणार. विरोधी गटाच्या पुढाऱ्याने तिथेच हाळी दिली, यादी बीडच्या आंधळ्यानं केलीय, पैसे खाऊन केलीय. दुपारी तीनच्या सुमाराला माणसांनी भरलेला टेम्पो आमच्या दाराशी उभा राहिला.

मी खाली चहाला उतरलो होतो. टेम्पोतून लाकडं, गज घेऊन उतरणारी माणसं बघितली आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरून शटर गुडघ्यापर्यंत ओढलं. वर महारुद्र एकटा. पहिल्यांदा मॉनिटर खिडकीतून आला आणि माझ्या स्कूटरवर फुटला. मग खुर्च्या आल्या. सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी विचारलं, "यादी कुणी केली रे?" त्याचा आवाज आला, "म्या केली." "नावं कुणी काढली?" "म्याच काढली." मग जे सुरू झालं ते बराच वेळ चाललं. त्यानेही ऐकून घेतलं नाही. नंतर कळलं, बोलका डबा हातात धरून त्याने आवाजाच्या रोखाने हाणला, एकाचे दात पडले, एकाचं कपाळ उघडलं. चार जणांनी त्याला टेबलावर दाबला, उजवा हात पसरवून धरला आणि माझा एक टाइपरायटर उचलून त्या हातावर टाकला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा आपटला तेव्हा टाइपरायटरची घंटी वाजली. मी शटरच्या मागे, झेरॉक्सवाल्याच्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसलो होतो. दहा पायऱ्या चढून एवढंच सांगायचं होतं की ते बटण मी दाबलं. मी उठलो नाही.

हाताची तीन बोटं वाकडी बसली. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला त्याने सांगितलं, "टाइपरायटर अंगावर पडला." पुढे तो डाव्या हाताने आणि उजव्याच्या उरलेल्या दोन बोटांनी टाइप करायला शिकला, आधीइतक्याच जोरात. विंडोजला पुन्हा शिवला नाही. डॉस बाजारातून गेलं तेव्हा काळ्या पडद्यावर ओळींनी चालणारी दुसरी सिस्टीम त्याने शोधली आणि घरबसल्या पुण्या-मुंबईची कामं केली. नव्या पिढीतली अंध पोरं फोन करायची, काका, आता चित्रंसुद्धा चांगली वाचता येतात, तुम्ही अजून त्या ओळीतच का. तो त्यांना आईबहिणीवरून शिव्या घालायचा आणि मग दोन-दोन तास शिकवायचा. सांगायचा, तुमाला जे जमतंय ते वापरा, पण मशीन काय म्हणतंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका. आमची दोस्ती तशीच राहिली. मी रोज जायचो, तो रोज भांडायचा. फक्त एक झालं. त्या दिवसानंतर त्याने मला कधी काही वाचायला सांगितलं नाही. पत्र आलं तर वहिनी वाचायच्या, त्या नसल्या तर दूधवाला. मी समोर बसलेलो असायचो. मी स्वतःला सांगत आलो की हा योगायोग आहे.

शेवटचा भेटलो तो औरंगाबादच्या दवाखान्यात. पोटात गाठ निघाली होती. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या तसा त्याने उशीखालून एक कागद काढला आणि माझ्या दिशेने धरला. "वाच." मी म्हणालो, वहिनींनी वाचला असेल की. तो म्हणाला, "सुमन खोटं वाचती. डाक्टर बी. तू एकदा खोटं वाचलंस, तू आता खोटं वाचणार न्हाईस."  मी विचारलं, कधी कळलं. "त्याच महिन्यात. फ्लॉपी घरी होती. जुनी यादी आन नवी आमनेसामने लावली, गळालेली नावं काढली. एकालाबी घर नंबर न्हाई. म्हंजी मशीननं इचारलं असणार, आन कुणीतरी हो म्हणलं असणार. आधी वाच." मी वाचायला लागलो, इंग्रजी ओळ, मग तिचं मराठी. पाचव्या ओळीला थांबलो. त्याने त्या वाकड्या बोटांनी माझं मनगट धरलं आणि पिळलं, हाड कडकडेल इतकं. "पुढं." मी पुढची ओळ वाचली. गाठ यकृतात पसरली होती, शस्त्रक्रिया शक्य नव्हती, हिशेब महिन्यांचा नाही, आठवड्यांचा होता. मी रडत होतो, तो नव्हता. "मागं काय हाय का?" मागे दवाखान्याचे नियम होते. भेटायच्या वेळा, बाहेरचं जेवण आणू नये, कागद हरवल्यास दुसरा मिळणार नाही. तेही सगळं वाचलं.

मग मी विचारलं, की त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीस. मला वाटलं होतं दोस्तीसाठी म्हणेल. तो म्हणाला, "तुझ्यासाठी न्हाई बे. मी म्हणलो असतो, मला दिसत न्हाई, दुसऱ्यानं दाबलं, तर त्यांनी मला सोडलं असतं. खुर्ची दिली असती, पाणी पाजलं असतं. अर्र, आंधळ्याला फसवलं म्हणून घरापर्यंत सोडायला आले असते. त्यापरीस बोटं गेलेली बरी. आता लोक म्हणत्यात म्या खाल्ले. म्हणू दे. चोर म्हणत्यात म्हंजी गडी तरी धरत्यात." मी म्हणालो, मी आता सगळ्यांना सांगतो. त्याने पुन्हा मनगट धरलं. "मी हाय तवर न्हाई. मेल्यावर तुला काय करायचं ते कर."

म्हणून आज सांगतो. ते बटण मी दाबलं. ती चौकट मी बघितली आणि वाचली नाही, आणि ओळी मोजू द्या म्हणणाऱ्या माणसाला मी मोजू दिल्या नाहीत. महारुद्रने चेअरमनकडून चहासुद्धा घेतला नव्हता. ज्यांची नावं गेली त्या वस्त्यांवरच्या माणसांची माफी त्याने मागायची नव्हती, मी मागायची होती, ती मागतो. ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांनी मला द्याव्यात, जागा तीच आहे, बसस्थानकासमोर, कापड दुकानाच्या वर. या वेळी मी शटर ओढणार नाही. फक्त हे वाचून कुणी हळहळून "बिचारा महारुद्र" म्हणू नये. माझ्या कानावर आलं, तर मी अंगावर येईन.